उत्तरपूजेपर्यंत हात लावू नये

आमच्या सोसायटीने हत्यार निवडायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात जुन्या काळी एखादा किल्ला सर झाला असता. रोज चहाच्या वेळेला क्लबहाऊसमध्ये मीटिंग भरायची, रोज तेच वाद व्हायचे आणि चहा संपला की निर्णय उद्यावर जायचा.

आदेश वरून आला होता. प्रत्येक सोसायटीने एकच हत्यार ठरवून कळवायचं. त्याचंच शिक्षण मिळणार आणि त्याच्याच वापराला मुभा. मुभा म्हणजे काय, तर गेटवर आलेलं एखादं 'चालतं' माणूस त्या हत्याराने मेलं तर कुणी चौकशी करणार नाही. एकदा कळवलं की बदल नाही. त्यामुळे जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता.

बिडकरचं खेळाच्या सामानाचं दुकान. त्याला हॉकी स्टिक हवी होती. "लांबनं हाणता येतंय, आणि तुटली तर माझ्याकडं माल पडून हाय की."

दुसऱ्या मजल्यावरच्या नष्टे वहिनींचा मिरचीच्या पुडीवर विश्वास. "मी सांगतो बघा, आपल्या कांडपातली लवंगी डोळ्यांत गेली की माणूस काय, म्हस बी आडवी हुईल."

चेअरमन पाटणकर साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना कुठलंही हत्यार चालणार होतं, फक्त ठराव एकमताने व्हायला हवा होता.

आणि आमचे आबा. संपतराव सरनोबत, माझे सासरे, मर्दानी खेळाचे वस्ताद. अर्ध्या कोल्हापुराला त्यांनी लाठी आणि पट्टा शिकवलाय. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला. "विटा."

विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकायचा, आणि लागला की दोरीने परत ओढून घ्यायचा. "लांबनं काम हुतंय," आबा म्हणाले. "अंगाला अंग लागत न्हाई, थुंकी उडत न्हाई. एका घावात सुटतंय. कुणाला तडफडत ठेवायचं न्हाई."

आबा कुणाबद्दल बोलताहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गेटवर रोज जे टोळकं यायचं, त्यात त्यांचा मुलगा होता. धैर्यशील. माझा नवरा.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणजे न ऐकणाऱ्यांसमोर बोलायची मला सवय आहे. तरीसुद्धा त्या क्लबहाऊसएवढा ढ वर्ग मला कधी मिळाला नव्हता. मी काय सांगत होते ते इथे लिहिते. निदान इथे तरी मध्येच कुणी चहा आणणार नाही.

आपण स्वप्नात धावतो, भांडतो, झाडावर चढतो, पण अंथरुणात आपला पायसुद्धा हलत नाही. याचं कारण मेंदूच्या देठात आहे. तिथे पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. स्वप्न सुरू झालं की तो शरीराला कडी घालतो आणि जाग आली की काढतो. काही म्हाताऱ्या माणसांत ही कडी ढिली होते. मग ती झोपेत लाथा झाडतात, शेजारी झोपलेल्या बायकोला ठोसे मारतात. सकाळी विचारलं तर म्हणतात, चोर आला होता, कुत्रं अंगावर आलं होतं. हे जुनंच दुखणं आहे, डॉक्टरांना नीट माहीत असलेलं.

नवीन गोष्ट घडली ती पुढे. हातांचा कंप थांबवायला एका कंपनीने नाकात घालायचे थेंब काढले. सर्दीच्या विषाणूची नांगी मोडून त्याच्या पाठीवर दुरुस्तीचं जनुक लादायचं आणि नाकातल्या चेतातंतूंवरून त्याला मेंदूच्या देठापर्यंत धाडायचं, अशी ती युक्ती होती. कंप थांबले. कित्येक म्हाताऱ्यांच्या हातातली कपबशी वाजायची थांबली. मग तो विषाणू बदलला, थुंकीतून पसरायला लागला, आणि जिथे दुरुस्तीला गेला तिथली कडीच त्याने उखडून टाकली. जाग येण्याचा दरवाजा मात्र बंद केला. माणूस स्वप्नात अडकतं आणि ते स्वप्न घेऊन रस्त्याने चालत सुटतं.

पोरं त्यांना झॉम्बी म्हणतात. मेलेली माणसं चालतात, म्हणे! मेलेलं कुणीच नसतं. पापण्या अर्धवट मिटलेल्या असतात आणि आत बुबुळं भराभर फिरत असतात. त्यांना ऐकू येतं, वास येतो, पण जे येतं ते स्वप्नाचा भाग होऊन. गजर वाजला की आपल्याला स्वप्नात शाळेची घंटा ऐकू येते ना, तसं. त्यांना मारलंत तर त्यांच्या स्वप्नात शत्रू येतो आणि ते उलटून चावतात. बेळगावच्या एक डॉक्टरबाई व्हिडिओवर घसा कोरडा करून हेच सांगत होत्या. त्यांनी काही रुग्णांना एका खोलीत ठेवलं होतं, पाणी आणि पेज देऊन जगवलं होतं. त्यातले काहीजण थोड्या आठवड्यांनी जागे झाले होते. बाहेरचे मरत होते ते तहानेने आणि माराने.

"म्हणून माझं म्हणणं आहे," मी मीटिंगमध्ये म्हणाले, "की आपण कळवू या, हत्यार नको. एक खोली द्या आणि पेज द्या."

बिडकरने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुमचं दुःख समजतंय आम्हाला."

हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की कानात बोळे घालून हिंडावंसं वाटायचं. मला दुःख नव्हतं. दुःखाला फुरसत कुठे होती? मला संताप होता. माझा नवरा गेटबाहेर तहानलेला फिरत होता आणि त्याला कशाने मारायचं यावर माणसं बिस्किटं खात चर्चा करत होती.

"वस्तादांचा विटा," पाटणकर साहेब म्हणाले. "कुणाची हरकत?"

"माझी आहे," मी म्हणाले.

"एक मत विरुद्ध. तरीही आपण याला एकमतच म्हणू या," पाटणकर म्हणाले आणि ठराव कळवून मोकळे झाले.

घरी आबा माझ्याशी बोलत नव्हते आणि मी त्यांच्याशी. भाकरी मात्र मी त्यांना गरम वाढत होते आणि ते मुकाट्याने खात होते. शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही.

"आबा, तो झोपलाय. तुम्ही झोपलेल्या पोराला भाला मारणार?"

"झोपल्यालं पोरगं बापाला वळखतंय," आबा ताटातून मान वर न करता म्हणाले. "मी गेलोतो गेटवर. बाळा म्हणालो. बाळा, आरं हिकडं बघ, म्हणालो. त्यानं मान बी वळवली न्हाई. त्यो गेला, गिरिजा. ही नुसती कुडी फिरायल्या. दुसऱ्या कुणी दगडांनी ठेचण्यापरास बापानं एका घावात सोडवल्याला बरा."

मला ते ऐकून रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. उभ्या आयुष्यात या माणसाने मुलाला बाळा म्हटलं नव्हतं. तालमीत इतर पोरांसारखाच त्याच्यावर ओरडायचा, घरीही तसाच. धैर्यशील सांगायचा, आबांचा हळू आवाज मी ऐकलेलाच नाही. मग स्वप्नात बुडालेल्या माणसाला हे बाळा कुठून ओळखू येणार? मी हे त्यांना सांगितलं. आबांनी हात धुतले आणि ते गच्चीवर निघून गेले.

विटे आले ते नेमके खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. बिडकरच्या चुलतभावाच्या फाउंड्रीत बनवलेले, चकचकीत पात्याचे. पाटणकरांचा बेत होता की लगेच वाटून टाकायचे. आबा आडवे आले.

"खंडेनवमी तोंडावर आलेली, आणि पूजेबिगर नवं हत्यार उचलायचं? कुठली रीत ही? उद्या पूजा मांडायची. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की उचला. तवर हात लावायचा न्हाई."

आणि काय सांगू, एकानेही वाद घातला नाही! ज्या लोकांनी विट्याच्या दोरीच्या रंगावरून भांडण काढलं होतं, त्यांनी एका दमात माना हलवल्या. नष्टे वहिनींनी तर घरोघरी निरोप दिला की आपापली हत्यारंही आणून ठेवा. दुसऱ्या दिवशी क्लबहाऊसच्या दारात सतरंजी अंथरली गेली. तिच्यावर विटे, हॉकी स्टिका, कोयते, विळ्या, आबांची पट्ट्याची जुनी तलवार, वॉचमनची काठी, कुणाचे पाने आणि पक्कड, कुणाची शिलाई मशीन. सोसायटीत हत्यार म्हणून उचलता येईल असं जे काही होतं, ते सगळं झेंडूच्या फुलांखाली गेलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खंडेनवमीला यंत्रांचीही पूजा होते. गाड्या धुवायला गेटबाहेरच्या नळावर काढल्या होत्या, म्हणून मोठं गेट सताड उघडं होतं. गाड्या आत आल्या. पाटणकर साहेबांनी मोठ्या भक्तिभावाने गेटच्या मोटारीला हळदकुंकू लावलं, माळ घातली आणि यंत्राला आज विश्रांती म्हणून बटण बंद केलं. आमचं गेट मोटारीशिवाय सरकत नाही. ते उघडंच राहिलं. मी म्हणाले, "साहेब, निदान गेट तरी लावून घ्या."

"वहिनी, पूजा झालेली मोटार आज कशी चालवायची?" पाटणकर म्हणाले. "आणि ते रोज दिवेलागणीला येतात. आत्ता तर ऊन आहे."

स्वप्नाला उन्हाचं काय! आरती सुरू झाली आणि टाळ्या-घंटेच्या आवाजाने ते आले.

पहिल्यांदा दिसले ते आमच्याच इमारतीतले कुंभोजकर काका. धोतराचा सोगा धुळीत लोळतोय, ओठ फुटलेत, बुबुळं गरगरताहेत. त्यांच्यामागे दहा-पंधरा जण. आरती अर्ध्यात थांबली. घंटा मात्र कुणीतरी वाजवतच राहिलं.

सगळ्यांच्या नजरा सतरंजीकडे गेल्या. पाटणकर वाकले.

"हात लावायचा न्हाई," आबा म्हणाले.

"अहो वस्ताद, ते आत आले!"

"उत्तरपूजा झाल्याली न्हाई."

मला त्या क्षणी आबांची मानगूट धरून हलवावंसं वाटलं आणि त्यांचे पायही धरावेसे वाटले. मेंदूचा देठ, कडी, बुबुळं, सगळं तोंडाला फेस येईपर्यंत सांगून जे झालं नाही, ते या एका हट्टाने झालं होतं. सोसायटीतलं प्रत्येक माणूस रिकाम्या हाताने उभं होतं. पळायला जागा नव्हती, कारण जिना त्यांच्या पलीकडे होता. मारायला काही नव्हतं. आम्ही नुसते भिंतीला चिकटून उभे राहिलो.

आणि काहीही झालं नाही.

एक बाई बादलीतलं गाडी धुवायचं पाणी ओंजळीने प्यायली. एक तरुण शिलाई मशीनच्या चाकावरून हात फिरवत बसला. कुंभोजकर काका आमच्यामधून सरळ चालत गेले, लिफ्टसमोर थांबले, बटण दाबलं आणि चष्मा नसलेल्या नाकावरचा चष्मा सारखा करत लिफ्टची वाट बघत उभे राहिले. त्यांच्या बायकोने तोंडावर पदर दाबला. लिफ्ट आली. काकांनी नेहमीप्रमाणे दार धरून ठेवलं. काकू क्षणभर थबकल्या, मग आत गेल्या, आणि दोघं वर निघून गेले.

मग धैर्यशील आला.

त्याचा कामावरचा निळा शर्ट खांद्यावर फाटला होता. गालावर वाळलेलं रक्त होतं. म्हणजे कुणाचं तरी कुठेतरी त्याला मारून झालं होतं. तो सतरंजीपाशी आला आणि थांबला. झेंडूचा वास, धूप, आजूबाजूला माणसांचं कडं. मी त्याच्याकडे पाऊल टाकलं.

तेवढ्यात बिडकरचा धीर सुटला. त्याने फुलं उधळत एक विटा उपसला आणि उगारला.

ज्या माणसाच्या पापण्यासुद्धा धड उघडत नव्हत्या, तो एका क्षणात पवित्र्यात आला. डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, उजवा हात मागे. हातात काही नव्हतं, पण त्याच्या स्वप्नात होतं. ओठ मागे ओढले गेले, दात दिसले. पुढचं मला दिसतच होतं. बिडकर विटा फेकणार, किंवा धैर्यशील त्याच्या गळ्याला चावणार, किंवा दोन्ही. मी ओरडले, पण कुणालाच ऐकू गेलं नाही.

"हत्यार खाली!"

आबा गरजले होते. बिडकरवर. पूजेतलं हत्यार उचलल्याचा तो राग होता, दुसरं काही नव्हतं. तालमीत डाव संपला की ते हीच आरोळी ठोकायचे, आणि ती रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायची.

बिडकरच्या हातून विटा गळून पडला.

आणि धैर्यशीलने आपल्या रिकाम्या हातातली तलवार वाकून जमिनीवर ठेवली. फरशीला बोटं लावली, ती कपाळाला लावली, आणि मांडी घालून बसला. डाव संपल्यावर लहानपणापासून बसत आला तसाच.

आबा हळूहळू गुडघ्यांवर हात टेकत त्याच्यासमोर बसले.

"झोपलाय ह्यो," ते म्हणाले. "गिरिजा, आगं, झोपलाय ह्यो."

"मी इतके दिवस काय सांगत होते, आबा?"

"तू सांगत हुतीस," आबा म्हणाले. "मला आता दिसलं."

याला काय म्हणायचं? मी तांब्या आणायला गेले, कारण भांडायला नंतरही वेळ मिळणार होता. मी तांब्या त्याच्या ओठांना लावला, तर तो ओठ मिटून बसला. आबा खेकसले, "पाणी पी!" आणि तो घटाघटा प्यायला.

दसऱ्याला सकाळी मला वाटलं, आता तरी या लोकांच्या डोक्यात उजेड पडला असेल. क्लबहाऊसमध्ये पाय ठेवला, तर बिडकर हात उंचावून बोलत होता. "पूजेतल्या हत्यारांफुडं एकाचं बी काही चाललं न्हाई! म्हणजे केवढी शक्ती आली असंल त्यांच्यात! आता तर उचललीच पायजेत."

"अहो, हत्यारं उचलली नाहीत म्हणून सगळे वाचलो!" मी म्हणाले. "ज्याने उचललं तो मरता मरता राहिला!"

"तुमचा त्रास समजतोय, वहिनी," पाटणकर म्हणाले. निदान शब्द तरी बदलला होता. "वस्ताद, उत्तरपूजा करून घ्या. बाकीचे अजून गेटबाहेर हिंडताहेत. काल घंटा थांबली तसे नशिबाने आपणहून बाहेर गेले, उद्याचं कोणी सांगावं?"

मी आबांकडे पाहिलं. विटा त्यांनीच निवडला होता. एका घावाची भाषाही त्यांचीच होती.

"करतो की," आबा म्हणाले. "मुहूर्त लागू दे."

"मुहूर्त? आज दसरा आहे! साडेतीन मुहूर्तांतला एक!"

"मला न्हाई लागला," आबा म्हणाले, आणि सतरंजीच्या कडेला मांडी ठोकून बसले.

पाटणकरांनी समजावलं, बिडकर चिडला, नष्टे वहिनींनी भटजींना फोन लावायची धमकी दिली. आबा जागचे हलले नाहीत. पूजा वस्तादाने मांडली होती, तेव्हा ती उतरवायचा मान वस्तादाचा. कोल्हापुरात हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि उत्तरपूजा झाल्याशिवाय पूजेतलं हत्यार उचलायला पुन्हा कुणी धजावलं नाही. बिडकर तर मुळीच नाही. आदल्या दिवसापासून त्याचा उजवा हात दुखत होता आणि तो का दुखतोय याबद्दल त्याची पक्की समजूत झाली होती. मी त्याला स्नायू ताणल्याचं सांगायला गेले नाही. शहाणपणा शिकवायचं मी बंद केलं होतं.

विटे तसेच राहिले. आबा आणि धैर्यशील त्यांच्यापाशी. "बस!", "तोंड उघड!", "चाव!", "झोप आता!" दिवसभर हीच आरोळी. जरा थांबले की धैर्यशील उठून गेटकडे चालू लागायचा, म्हणून आबा थांबायचे नाहीत. मी आवाज ध्वनिमुद्रित करून लावून पाहिला. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मी स्वतः ओरडून पाहिलं, तर स्वप्नातसुद्धा तो नवऱ्यासारखाच वागला. म्हणजे ऐकलं नाही. शेवटी आबांचा घसा बसला आणि आरोळीचं खरखरीत घोगरं झालं, तरी तो ऐकत होता. चौथ्या मजल्यावर कुंभोजकर काकू काकांना रोज लिफ्टने खालीवर नेत होत्या, म्हणजे ते शांत राहायचे.

एकदा मी पेज भरवत होते आणि धैर्यशीलने जांभई दिली.

स्वप्नातला माणूस जांभई देत नाही. मी चमचा खाली ठेवला. त्याची बुबुळं थांबली होती. त्याने मला पाहिलं, फुलांखालच्या भाल्यांना पाहिलं, मग आबांना पाहिलं.

"आबा का ओरडायल्यात?" त्याने विचारलं.

आबांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती हवा आली. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. मी मात्र भोकाड पसरून रडले, आणि आता ते खरंच दुःख होतं, साचून राहिलेलं.

बातमी लागल्याबरोबर पाटणकर आले, पेढे घेऊन. मनापासून आनंद झाला होता त्यांना, ते नाकारणार नाही. "तुमचं माणूस परत आलं," ते म्हणाले. "आता वस्ताद, ती तेवढी उत्तरपूजा उरकून टाका. बाहेर अजून दहा-बारा जण आहेत."

आबांनी गेटकडे पाहिलं. मोटार सुरू करून गेट केव्हाच लावलं होतं. पलीकडे ती बादलीतलं पाणी प्यायलेली बाई गजांना धरून उभी होती. तिच्या मागे कुणाकुणाची पोरं, कुणाकुणाचे बाप.

आबांनी नाही म्हणून मान हलवली. मग मला जवळ बोलावलं. आवाज नव्हताच, म्हणून मला त्यांच्या तोंडापाशी कान न्यावा लागला.

"फुलं वाळल्यात," ते म्हणाले. "ताजी घाल. आणि त्या बाईला तिच्या घरात कोण हाक मारायचं, ते कुणाला तरी इचारून ये."

बाजारात झेंडू संपला होता. मी सोसायटीच्या कुंपणावरची तगर तोडली, विट्यांवर घातली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेटकडे गेले.